पलंग निजायचा की दाखवायचा?

१८८२ साली बहावलपूरच्या नवाबानं पॅरिसच्या क्रिस्तोफल या चांदीकाम करणाऱ्या पेढीकडून एक पलंग घडवून घेतला. त्यावर सुमारे २९० किलो चांदी चढली. चार कोपऱ्यांवर माणसाएवढे चार स्त्रियांचे पुतळे. यंत्र सुरू झालं की पुतळे डोळे हलवत, पंखे ढाळत, आणि खालून गूनोच्या ‘फाउस्ट’ ऑपेराचं संगीत वाजे. अशात झोप यायची कशी, अल्लाच जाणे! तिकडे व्हर्सायला तर चौदाव्या लुईचं सकाळी उठणं हाच एक दरबार असे. राजाचा पलंग मुळी निजण्यापुरता नव्हताच.

आज आपल्या फर्निचरच्या दुकानांतही ‘महाराजा’ नावाचे पलंग दिसतात. उशाकडे कोरीव नक्षी, वर मखमल. आमच्याकडे जहेजमध्ये, इतरांकडे आंदणात तो मुलीबरोबर जातो. उघड्या टेम्पोतून, साऱ्या मोहल्ल्याला दिसेल असा. दहा बाय दहाच्या खोलीत तो ठेवला की कपाटाचं दार उघडत नाही. गादीवरचं प्लास्टिक वर्षभर निघत नाही, आणि मुलीचा बाप हप्ते भरत राहतो.

कवींनी राजांवर कसीदे पुष्कळ लिहिले. जहेजच्या यादीतला पलंग स्वतःच्या हातानं खोडणारा मुलाचा बाप कुणाला भेटला तर मला जरूर कळवा. त्याच्यावर कसीदा मी लिहीन.