हें चित्र कशाचें?



नभोवाणीवरून चित्रांविषयीं बोलणें हें थोडें विपरीतच. जें डोळ्यांनीं पाहावयाचें तें कानांना कसें दाखवावें? परंतु आज ज्या चित्रांविषयीं मला बोलावयाचें आहे, तीं समोर टांगलीं तरी भलेभले सुशिक्षित गृहस्थ गोंधळून उभे राहतात. ना झाड, ना माणूस, ना देवादिकांचा प्रसंग. नुसता रंग आणि आकार. 'हें चित्र कशाचें?' या प्रश्नाला उत्तर मिळत नाहीं, आणि आपली कोणी थट्टा तर चालविली नाहीं ना, असा संशय येतो. हा संशय हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. कल्पनेंतून, सुप्त मनांतून आलें असें चित्रकार म्हणतो. त्याचा खरेखोटेपणा प्रेक्षकानें ओळखावा कसा?

रवीन्द्रनाथ ठाकुरांचें उदाहरण घेऊं. कविता लिहितांना नको झालेले शब्द ते खोडीत. खोडतात सर्वच; पस्तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाला तें निराळें सांगावयास नको! पण रवीन्द्रनाथांचा हात तेथें थांबत नसे. खोडलेल्या शब्दांचे डाग ते रेघांनीं एकमेकांस जोडीत, आणि त्यांतून एखादी चोंच, एखादा मुखवटा, कोणीं न पाहिलेलें जनावर वर येई. १९२४ सालच्या 'पूरबी'च्या हस्तलिखितांत हा व्यापार चांगलाच रंगलेला आहे. १९३० सालीं पॅरिसमध्यें त्यांच्या चित्रांचें प्रदर्शन भरलें, तेव्हां ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. त्यांनीं दोन हजारांहून अधिक चित्रें काढलीं, आणि त्यांना नांवें देण्याचें मात्र टाळलें.

हात हेतूवांचून चालूं लागला म्हणजे जाणिवेचा पहारा सैल होतो व नेणिवेंत सांठलेले आकार बाहेर पडतात. टेलिफोनवर बोलतां बोलतां आपणही कागदावर अशाच रेघोट्या ओढतों. मग आपण चित्रकार कां नव्हे? कारण आपण तो कागद चुरगळून टाकतों. चित्रकार त्या रेघोटीपाशीं थांबतो, तिच्यांतून कांहीं ठेवतो, कांहीं पुसतो. ही निवड झोपेंत होत नाहीं.

रवीन्द्रनाथांच्या चित्रांत निदान पक्षी तरी ओळखूं येतो. वासुदेव गायतोंडे यांच्या पुढील काळच्या चित्रांत तोही आधार नाहीं. १९२४ सालीं नागपुरास जन्मलेले, १९४८ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका घेतलेले हे चित्रकार आरंभीं मनुष्याकृति काढीत. पुढें त्या गळून गेल्या. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेलें त्यांना रुचत नसे. 'वस्तुनिरपेक्ष' अशा अर्थाचा शब्द ते पसंत करीत. रुळानें रंग पसरावा, सुरीनें खरवडावा, पुन्हां पातळ थर चढवावा, असें चाले. त्याहून अधिक वेळ नुसतें बसून राहण्यांत जाई. वर्षाकाठीं हातावेगळीं होत तीं पांच-सहा चित्रें. लहरीचें काम असतें तर एका सकाळींच सहा झालीं असतीं! सुप्त मनाच्या नांवाखालीं आळसही पुष्कळ खपतो, हें मला मान्य आहे. पण तो आळस थरांत दिसतो. घाईनें फांसलेल्या रंगांत दुसऱ्यांदा पाहण्यासारखें कांहीं उरत नाहीं.

२००१ सालीं गायतोंडे वारले. २०१४ मध्यें न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयांत त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरलें. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहांतही त्यांचीं चित्रें आहेत. त्यांना रागदारी संगीताची आवड होती, आणि मला वाटतें, वाट तिकडूनच सांपडते. आलाप चालला असतां 'ह्याचा शब्दार्थ काय?' असें आपण गवयाला विचारीत नाहीं. सूर कोठें ठेवला, केव्हां सोडला, इकडे कान देतों. असें चित्र समोर आलें तर पांच मिनिटें, हवें तर घड्याळ लावून, बसावें. प्रथम एकच रंग दिसतो. मग त्याच्या आंतून दुसरा, पाण्याखालच्या उजेडासारखा, हळूहळू वर येऊं लागतो. 'कशाचें?' हा प्रश्न तेव्हांही ओठांवर येईल. येऊं द्यावा, तेवढ्यावरून उठूं मात्र नये.