लांब क्रियापद, आखूड उच्चार
(शिक्षक मेळाव्यातील भाषण)



कॉलेजात फ्रेंचच्या पहिल्याच वर्षी मला उभे करून वाचायला सांगण्यात आले. ‘ते बोलतात’ या अर्थाचे क्रियापद होते. शेवटची ई, एन, टी ही अक्षरे मी इमानाने उच्चारली, ‘पार्लेंट’. वर्ग हसला. पुढे वर्षभर मी मोठ्याने वाचले नाही. खरा उच्चार होता नुसता ‘पार्ल’. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ यांतील क्रियापद कानाला एकच. फरक फक्त लिहिण्यात.

तृतीय पुरुषी अनेकवचनी क्रियापदाच्या शेवटी ही तीन अक्षरे मूक असतात. नामाच्या शेवटी तीच आली तर मात्र अनुनासिक स्वर होतो, जसे ‘मोमां’, म्हणजे क्षण. तेव्हा आधी शब्दाची जात ओळखावी.

आता ‘ते देतील’ याचे संकेतार्थी रूप, म्हणजे ‘ते देते (तर)’, पाहा. लिहिताना अकरा अक्षरे. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा तर तुकडे तीन. बोलताना दोनच, ‘दॉन-रे’. ‘ते काम करते (तर)’ याच्या रूपात पंधरा अक्षरे आहेत, पण उच्चार ‘त्रा-वाय-रे’, तीन तुकडे. मधला अस्पष्ट ‘ई’ गळून जातो.

यात आपल्याला नवल वाटू नये. ‘उतर’ म्हणताना ‘त’मधला अ ऐकू येतो, ‘उतरू’ म्हणताना तो जातो आणि आपण ‘उत्-रू’ म्हणतो. कोणी शिकवले नाही, तरी जिभेला कळते.

मात्र हा ‘ई’ सरसकट गाळू नये. वरच्याच रूपाचा कर्ता ‘आम्ही’ केला की उच्चार ‘दॉ-न-रियों’ असा तीन तुकड्यांचा होतो. येथे तो गाळला तर न, र, य एकावर एक आदळतील. दक्षिण फ्रान्समध्ये तर लोक हा स्वर एरवीही बराच राखतात. म्हणून तो उच्चारणाऱ्या विद्यार्थ्याला एकदम चूक ठरवू नये.

उर्दू वाचणाऱ्या आपल्या मुलांजवळ तर दोन गोष्टी आधीच आहेत. फ्रेंच ‘र’ घशातून येतो, ‘ग़ैन’च्या अगदी जवळचा, आणि अनुनासिक स्वर ‘नून गुन्ना’ने ओळखीचा आहे.

वर्गात एवढेच करा. लांब क्रियापद फळ्यावर लिहा. आधी शेवटची मूक अक्षरे पुसा, मग मधला गळणारा ‘ई’ पुसा. उरलेल्या प्रत्येक स्वराला मुलांकडून टाळी वाजवून घ्या. पंधरा अक्षरांना तीन टाळ्या पडल्या की भीती जाते. आणि एखादा अडखळला, तर वर्गाला हसू देऊ नका. त्याच्याकडूनच तो शब्द पुन्हा वाचून घ्या.