वारा फुकट, वीज मोजून

शिडाच्या बोटीला वारा पुरतो, मग तिला बॅटरी कशाला, असं मला हमखास विचारलं जातं. मुंबई बंदरातल्या हौशी मंडळींच्या बोटींची विजेची दुरुस्ती मी करतो, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे. बोट वाऱ्यावर चालते, पण रात्री ती इतरांना दिसते विजेवर. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा दिवा. या रंगांवरूनच समोरच्या जहाजाला कळतं, तुम्ही कुठल्या दिशेनं चालला आहात. दिवे गेले, की बोट असून नसल्यासारखी. कोकण किनाऱ्यावर रात्री मासेमारीचे ट्रॉलर आणि मालवाहू जहाजं यांची काय वर्दळ असते, ते तिथले तांडेलच सांगतील.

आता हिशेब बघा. डोलकाठीवरचा जुन्या पद्धतीचा 25 वॅटचा दिवा 12 व्होल्टवर सुमारे 2 अँपिअर खातो. सुकाणू आपोआप धरणारं यंत्र सरासरी 3 अँपिअर घेतं असं धरू. झाले 5. रात्र 10 तासांची, म्हणजे 50 अँपिअर-तास. शिसं-आम्लाची 100 अँपिअर-तासांची बॅटरी दीर्घकाळ टिकवायची, तर निम्मीच वापरावी. म्हणजे एका रात्रीत खेळ खलास! तोच दिवा एलईडीचा घातला, तर 2 अँपिअरच्या जागी पाव अँपिअरसुद्धा लागत नाही. नवी बॅटरी घेण्याआधी दिवा बदला, असं मी सांगतो ते यासाठी.

बॅटरीची तब्येत मल्टिमीटर सांगतो; मात्र ती काही तास विसावलेली हवी. चार्जिंग बंद, वापर बंद. मग 12.7 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 च्या आसपास म्हणजे निम्मी आणि 11.8 म्हणजे जवळपास रिकामी. हल्लीच्या लिथियम बॅटरीला हे गणित लागू नाही. तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत फारसा हलत नाही, तिथे आत-बाहेर गेलेला प्रवाह मोजणारं यंत्रच लागतं.

पण बऱ्याचदा दोष बॅटरीत नसतोच. एका स्नेह्याची बोट रत्नागिरीहून मुंबईला येत होती. रात्री समोरून मोठं जहाज आलं. यानं रेडिओवर 16 नंबरच्या चॅनेलवर हाक मारायला बटण दाबलं, की संच बंद! बटण सोडलं, की पुन्हा चालू. ऐकू सगळं येतंय, बोलता मात्र येत नाही. त्यानं वेळीच बोट वळवली म्हणून निभावलं. मुंबईत येऊन त्यानं नवी बॅटरी घातली. तरी तेच!

याचं कारण साधं आहे. असा रेडिओ ऐकताना एक अँपिअरही घेत नाही. बोलताना मात्र 5-6 अँपिअर ओढतो. म्हणून मोजायचं ते बटण दाबलेलं असताना. मी मोजलं, तेव्हा बॅटरीवर 12.5 व्होल्ट आणि संचापाशी 10. अडीच व्होल्ट वाटेत हरवले होते. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण खांबावर ठेवली आणि दुसरी वायरीवरून एकेक जोड पुढे सरकवली. तोटा एकाच जागी सापडला. वायर जिथे टोपणात दाबली होती, तिथे हात लावला तर ऊब लागत होती. वरचं आवरण कापलं, तर आत तांब्याच्या तारा काळ्या-हिरव्या पडलेल्या. खारं पाणी वायरीत असंच आतून शिरतं. कलई केलेल्या तांब्याची वायर घेतली, नवं टोपण घट्ट दाबून वर सीलबंद नळी चढवली. काम झालं.

म्हणून क्रम लक्षात ठेवावा: आधी बॅटरी, मग जोड, मग फ्यूज, शेवटी यंत्र. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते कळतच नाही. हात घालण्यापूर्वी बोटातली अंगठी काढा आणि ऋण वायर आधी सोडा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तेव्हा झाकण उघडं, हवा खेळती आणि ठिणगी लांब.

खोल समुद्रात मिस्त्री बोलावता येत नाही. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये एकट्यानं, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. पुढे सप्टेंबर 2018 मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत हिंदी महासागराच्या दक्षिण भागात त्यांच्या बोटीची डोलकाठी मोडली आणि पाठीला जबर मार बसला. उठता येत नव्हतं. त्या अवस्थेत उपग्रहामार्फत पाठवलेल्या लहान लहान संदेशांतून त्यांची हालत जगाला कळत राहिली आणि ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानं त्यांना वाचवलं. हातातल्या एवढ्याशा यंत्राची बॅटरी किती मोलाची असते, ते यावरून कळावं.

इंजिन सुरू करायची बॅटरी म्हणूनच वेगळी ठेवावी. दिव्यांना ती द्यायची नाही. हातात धरायचा रेडिओ चार्ज करून कोरड्या पिशवीत, शेजारी टॉर्च, होकायंत्र आणि कागदी नकाशा. आणि मल्टिमीटर? तो काही शे रुपयांत मिळतो. घरच्या इन्व्हर्टरलाही तोच चालतो.