आंबट मातीतली बाग

(मंडळाच्या गणेशोत्सवात ऋषिपंचमीच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज दुपारी मंडपात आपण जी ऋषींची भाजी खाल्लीत, तिच्यातले अळू, लाल माठ, भेंडी आणि पडवळ माझ्या क्वार्टरच्या मागच्या अंगणातले होते. त्यावरून कार्यवाहांनी 'बागेविषयी चार शब्द बोला' असा हुकूम सोडला. मला जास्त अनुभव आहे तो फजितीचा, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी मूळचा सांगलीकडचा, काळ्या रानातला. १९९१ साली नोकरीनिमित्त रांचीला आलो. १९९६ च्या गणपतीत आई यायची होती. ऋषिपंचमीला ती बैलाच्या कष्टाचे खात नसे. 'काळजी नको, सगळे अंगणात लावतो,' असे मी पत्रात ऐटीत लिहिले आणि गावाहून बियाणे मागवले. भेंडी वीतभर वाढून खुरटली. पडवळाला फुले आली, पण कोवळी फळे पिवळी पडून गळाली. जगले ते फक्त अळू. आईने त्या दिवशी तेवढेच खाल्ले आणि काही बोलली नाही. सौ. मात्र बरेच बोलल्या! जाताना आई एवढेच म्हणाली, "बाळ, ही आपली माती नव्हे. इथल्या माणसांना विचार."

फाटकाशी भाजी विकायला येणाऱ्या आजींना विचारले. त्यांनी माती बोटांत चोळली आणि म्हणाल्या, "बाबू, इसको चूना दो." मला हसू आले. आमच्या काळ्या रानात चुनखडी आधीच भरपूर, तिथे चुना कोण घालतो? तरी कांके येथील बिरसा कृषी विद्यापीठात माती तपासून घेतली. सामू निघाला ५.२, म्हणजे माती चांगलीच आंबट. अशा तांबड्या मातीत स्फुरद अडकून बसते, खत घातले तरी झाडाला मिळत नाही. आजी बरोबर होत्या. लागवडीआधी तीन आठवडे चौरस मीटरला साधारण २०० ग्रॅम चुना मिसळला. चुना आणि शेणखत मात्र एकाच वेळी घालू नये, खतातला नत्र उडून जातो. पुढच्या वर्षी भेंडी कमरेएवढी झाली.

माझी छाती फुगली आणि लगेच दुसरा फटका बसला. टोमॅटोची अठरा झाडे फळांवर आलेली. सकाळी हिरवीगार, दुपारी माना टाकलेल्या. पाणी कमी पडले समजून मी आणखी पाणी घातले! आठ दिवसांत सगळी गेली. जाणकार सहकाऱ्याने एक खोड कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात धरले. थोड्याच वेळात कापातून दुधासारखा धागा खाली उतरू लागला. हा जिवाणूजन्य मर रोग. जंतू मातीत राहतात आणि पाण्याबरोबर पसरतात. म्हणजे माझ्या पाण्यानेच तो वाफाभर नेला. लागलेल्या झाडाला औषध नाही. त्या वाफ्यात तीन वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांतले काही लावले नाही, मका घेतला. आता वांगी लावतो ती रांचीजवळच्या पलांडू केंद्राची 'स्वर्ण श्यामली'. ती या रोगाला दाद देत नाही.

तिसरी फजिती फ्लॉवरची. गड्डे मोठे आले, पण वर तपकिरी डाग आणि आत देठ पोकळ. कारण बोरॉनची कमतरता. मुळात इथल्या मातीत ते कमी, त्यात मी दुसऱ्या वर्षी उत्साहाने जास्तीचा चुना घातल्याने होते तेही पिकाला मिळेना. उपाय चौरस मीटरला एक ग्रॅम बोरॅक्स. जास्त झाले तर झाड भाजते. ज्या चुन्याने वाचवले, त्यानेच बुडवले. हात सैल सोडून चालत नाही हे तेव्हा कळले.

आता पडवळ. त्याची फुले संध्याकाळनंतर उमलतात, आणि आमच्या आवारात त्या वेळी फुलांवर कीटक फिरकत नसत. आजींनीच दाखवले: नर फूल खुडायचे आणि ज्याच्या मागे बोटभर पडवळ दिसते, त्या मादी फुलाला अलगद टेकवायचे. दुधीलाही हेच. कारखान्यातून आल्यावर मी हातात विजेरी घेऊन वेलाखाली उभा राहत असे. शेजाऱ्यांना वाटे, मराठी साहेबांचे काहीतरी हरवले आहे!

१९९९ साली आई पुन्हा आली. ऋषिपंचमीच्या सकाळी तिने स्वतःच्या हाताने पडवळ तोडले. पाच भाज्या एकत्र शिजल्या. जेवून उठताना म्हणाली, "आता ही माती तुझी झाली." तिची ती शेवटची फेरी ठरली.

मित्रहो, येत्या डिसेंबरात मी निवृत्त होतो आहे. क्वार्टर सोडावे लागेल, अंगण बरोबर नेता येणार नाही. बियाणे मी कागदी पाकिटांत नावे घालून ठेवले आहे. कोणत्या वाफ्यात कधी मर आला, चुना कधी घातला, हे एका वहीत लिहिले आहे. आपल्यापैकी ज्याला पुढच्या वर्षी मंडळाची भाजी पिकवायची असेल, त्याने आरतीनंतर मला भेटावे. वही त्याची. फक्त आधी फाटकाशी जाऊन आजींच्या सुनेला नमस्कार करावा. आता भाजी घेऊन तीच येते, आणि तिला वहीपेक्षा जास्त ठाऊक आहे.

गणपती बाप्पा मोरया!