वाट पाहणारी नौका

मालवणच्या समुद्रात किंवा गोव्याच्या ग्रँड बेटापाशी हौशी प्रवाशांना पाण्याखालची सृष्टी दाखवून आणणाऱ्या नौका किनाऱ्यावरच्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पाठीवर हवेची एक टाकी, शेजारी एक शिक्षक, थोड्याशा फुटांची खोली, आणि घटकाभरात प्रवासी पुन्हा नौकेवर येऊन बसलेला. अशा नौकेच्या तांडेलाला वेळेचा हिशेब अवघड जात नाही. परंतु ज्याला दोनशे फुटांखाली जाऊन एखादे बुडालेले जहाज पाहावयाचे आहे, त्या पाणबुड्याला जगातील बहुतेक प्रवासी नौका नकारच देतात. समुद्र सर्वांना मोकळा आहे. नौका मात्र शोधावी लागते.

हा नकार अनाठायी नसतो. हौशी पाणबुड्यासाठी १३० फूट, म्हणजे सुमारे ४० मीटर, ही खोलीची मर्यादा मानलेली आहे. त्या मर्यादेत राहून ठराविक वेळात वर येणाऱ्यास अडचण पडली, तर तो सरळ पृष्ठभाग गाठू शकतो. त्यापलीकडे जाणाऱ्यांच्या विद्येला १९९१ च्या सुमारास टेक्निकल डायव्हिंग हे नाव रूढ होऊ लागले. या विद्येचे वैशिष्ट्य असे की, अडचणीत सापडलेल्या पाणबुड्यालाही सरळ वर येण्याची मुभा तेथे उरत नाही.

याचे इंगित शरीरधर्मात आहे. पाण्यात दर ३३ फुटांना एका वातावरणाइतका दाब वाढतो. २३० फुटांवर तो पृष्ठभागाच्या आठपट होतो. त्या दाबाखाली श्वासातील नत्रवायू रक्तात आणि पेशींत मुरत जातो. पाणबुड्या एकाएकी वर आला, तर सोडावॉटरची बाटली झटक्याने उघडावी तसे त्या वायूचे बुडबुडे अंगातच उसळतात आणि पंगुत्व किंवा मृत्यू ओढवतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन याने बोकडांवर प्रयोग करून १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. आजची गणिते अधिक सूक्ष्म आहेत, तरी मूळ तत्त्व तेच आहे. तळाशी वीस-पंचवीस मिनिटे काढलेल्या पाणबुड्याला वाटेत थांबत थांबत वर येण्यास तासाहून अधिक वेळ लागतो. शिवाय एवढ्या खोलीवर साध्या हवेने गुंगी येते. म्हणून श्वासासाठी हेलियम मिसळलेला वायू न्यावा लागतो आणि वर येताना प्राणवायूचे प्रमाण अधिक असलेल्या वेगळ्या टाक्या वापराव्या लागतात.

आता हाच मनुष्य तांडेलाच्या दृष्टीने पाहावा. इतर प्रवासी तासाभरात वर येऊन परतीची वाट पाहत असतात. हा दोन तास पाण्यातच. इतरांपाशी एक टाकी. याच्या पाठीवर दोन आणि दोन्ही कुशींना आणखी. शंभर पौंडांहून अधिक ओझे घेऊन हेलकावणाऱ्या नौकेच्या शिडीवर तो चढू लागला म्हणजे शिडीचीही परीक्षा होते. याला ठेवण्यास जागा हवी, दुखापत झाल्यास प्राणवायू हवा, आणि मुख्य म्हणजे वारा फिरला तरी याला सोडून जाता येत नाही. ज्या नौकेचा संसार दिवसातून दोन फेऱ्यांवर चालतो, तिला हा पाहुणा परवडावा कसा?

म्हणूनच अशा पाहुण्यांसाठी वेगळ्या नौका निर्माण झाल्या. अमेरिकेच्या न्यू जर्सी किनाऱ्यावरील बिल नेगल या कप्तानाची ‘सीकर’ ही त्यांपैकी एक. १९५६ साली बुडालेल्या ‘आंद्रेआ दोरिया’ या इटालियन प्रवासी जहाजाची घंटा नेगल आणि त्याच्या सोबत्यांनी १९८५ मध्ये वर आणली होती. एका मासेमारी नौकेच्या कप्तानाकडून नेगलला समुद्रातील एका जागेचा ठावठिकाणा मिळाला. तेथे मासे विपुल जमत. म्हणजे तळाशी काहीतरी मोठी वस्तू असली पाहिजे. सप्टेंबर १९९१ मध्ये ‘सीकर’ किनाऱ्यापासून सुमारे ६० मैलांवर त्या जागी गेली. जॉन चॅटर्टन २३० फूट खाली उतरला, तेव्हा त्याला दिसली ती दुसऱ्या महायुद्धातील एक जर्मन यू-बोट. त्या भागात अशी यू-बोट बुडाल्याची नोंद कोणत्याही देशाच्या दप्तरात नव्हती.

तिचे नाव शोधण्यात सहा वर्षे गेली आणि तीन पाणबुड्यांचे प्राण गेले. पहिला १९९१ मध्येच खोल पाण्यात दगावला. १९९२ मध्ये पिता आणि पुत्र अशी जोडी आतल्या भागात संकटात सापडली, वाटेतले थांबे न घेता वर आली, आणि दोघांचाही अंत झाला. नौका तर डोक्यावरच होती. मग तिचा उपयोग काय झाला, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. याचे उत्तर कठोर आहे. चुकलेला थांबा कोणतीही नौका भरून देऊ शकत नाही. ती एवढेच करू शकते की, पाणबुड्याला थांबा चुकविण्याचे आणखी एक कारण मिळू नये.

ही गोष्ट लहान दिसते, परंतु सर्व कसब तिच्यातच आहे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर नौका बुडालेल्या जहाजालाच बांधण्याची रीत आहे. पहिला पाणबुड्या खाली जाऊन नांगर पक्का करतो आणि थर्मोकोलचे पेले वर सोडतो. पेला लाटेवर दिसला की नौकेवरच्यांना खूण पटते. मग तोच दोर सर्वांची जाण्यायेण्याची वाट होतो. ज्याच्या हातून तो सुटेल, तो प्रवाहाबरोबर दूर वाहत जाणार. आणि इतर पाणबुडे दोराला धरून थांबे घेत असताना नौकेला त्याच्या मागे जाता येणार नाही. यासाठी जाणता कप्तान लहान होडी तयार ठेवतो आणि पाण्यावर नजर ठेवणारा माणूस कधीही हलू देत नाही.

ब्रिटनच्या प्रवाही समुद्रात याच्या उलट रीत आढळते. तेथे पाणबुडे थांबे घेतानाच रंगीत फुगे वर सोडतात, प्रवाहाबरोबर वाहत जातात, आणि नौका त्या फुग्यांच्या मागे मोकळी फिरत राहते. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांतील स्कापा फ्लो या आखातात २१ जून १९१९ रोजी जर्मनांनी आपले अडकून पडलेले आरमार स्वतःच बुडविले. ७४ पैकी ५२ जहाजे तळाला गेली. त्यांतील सात मोठी जहाजे पाहण्यासाठी आजही पाणबुडे स्ट्रॉमनेस गावी येतात. तेथील काही नौका मूळच्या मासेमारीच्या आहेत. त्यांवर आता वायू भरण्याची यंत्रे असतात, आणि शिडीऐवजी पाणबुड्याला उभ्यानेच उचलून घेणारा पाळणा असतो. थकलेल्या माणसाने ओझ्यासह शिडी चढू नये, एवढ्यासाठी केलेली ही सोय पाहिली म्हणजे ती नौका कोणासाठी सज्ज झाली आहे ते विचारावे लागत नाही.

तथापि सोयी म्हणजे स्वागत नव्हे. नवख्या पाणबुड्याला वाटते की, जो कप्तान काही न विचारता पैसे घेऊन चढवून घेतो तो उदार. वस्तुतः त्याच्यापासून दूर राहावे. चांगला कप्तान शिक्षणाचा दाखला मागतो, मागील बुड्यांचा तपशील विचारतो, कोणता वायू आणि किती वेळ हे लिहून घेतो, आणि प्रसंगी नाही म्हणतो. पाणबुड्यानेही तितक्याच मोकळेपणाने विचारावे: दोन तास थांबाल काय? दोर सुटला तर मला कोण शोधील? प्राणवायू किती आहे? हवा बिघडल्यास निर्णय कोणाचा? या प्रश्नांचा ज्याला राग येतो, त्याची नौका कितीही देखणी असली तरी ती या कामाची नव्हे.

१९९७ साली चॅटर्टनने त्या यू-बोटीतून सुट्या भागांची एक पेटी वर आणली. तिच्यावरील पट्टीवर यू-८६९ असा क्रमांक होता. दप्तरात ही यू-बोट आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, जिब्राल्टरच्या बाजूस, बुडाली अशी नोंद होती. तिच्यातील ५६ खलाशांच्या आप्तांना आपली माणसे कोठे विसावली आहेत हे अर्ध्या शतकानंतर समजले. बिल नेगल हे ऐकण्यास जिवंत नव्हता. १९९३ मध्येच तो निवर्तला होता. तळाशी गेलेल्यांची नावे इतिहासाने लिहून ठेवली. परंतु दर बुडीच्या वेळी वर कोणीतरी घड्याळाकडे आणि पाण्याकडे आळीपाळीने पाहत उभे होते, आणि खालचा शेवटचा माणूस शिडीला हात लावीपर्यंत त्यांनी नांगर उचलला नव्हता.