अर्ज : रयतेचा आणि राजाचा

अर्ज हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि येथेच घर करून राहिला. नम्रपणे समोर मांडणे हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत त्याला विनंती, फिर्याद, कैफियत अशी पुष्कळ भावंडे आहेत. फिर्याद दुसऱ्याविरुद्ध असते, कैफियत आपली बाजू सांगते, विनंती कृपा मागते. अर्जात या तिन्हींचा थोडाथोडा अंश असतो. म्हणून एखाद्या काळी लोक आपल्या राज्यकर्त्यांना काय समजत आणि राज्यकर्ते लोकांना काय समजत, हे पाहावयाचे असेल तर त्या काळचे अर्ज आणि त्यांना मिळालेली उत्तरे चाळावी. एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध या दृष्टीने फार बोधप्रद आहे. कारण त्या पन्नास वर्षांत महाराष्ट्राला नव्या सरकारशी नव्या रीतीने बोलावयास शिकावे लागले.

मालवणच्या किनाऱ्याला हा धडा देशावरच्या मुलखाआधीच मिळाला. १८१२ सालच्या ऑक्टोबरात कोल्हापूरकरांशी झालेल्या तहाने मालवण बंदर, सिंधुदुर्ग आणि त्याच्या आश्रयाचे पद्मगड, राजकोट व सर्जेकोट हे कोट कंपनी सरकारच्या हाती गेले. त्याच साली सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लेही गेले. पेशवाई बुडण्यास अद्याप सहा वर्षे अवकाश होता. पुढे १८१८ नंतर दक्षिण कोकणचा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचे मुख्य ठाणे आरंभी बाणकोटास होते, ते १८२२ च्या सुमारास रत्नागिरीस आले. मालवणहून रत्नागिरी आज जवळ वाटते. पण वाटेतल्या खाड्या तरीने ओलांडावयाच्या, घाट्या चढावयाच्या आणि पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, अशा त्या दिवसांत सामान्य कुळाला साहेबाच्या कचेरीपर्यंत जाऊन तोंडाने गाऱ्हाणे घालणे म्हणजे एका हंगामावर पाणी सोडणे होते. तेव्हा माणूस घरी राहू लागला आणि त्याच्या वतीने कागद प्रवास करू लागला.

जुन्या राज्यात कागद नव्हते असे मुळीच नाही. पुण्याचे पेशवे दप्तर पाहिले म्हणजे मराठ्यांचा कारभार किती लेखी होता हे कळून येते. परंतु तंटा पडला असता गोत बसे, पंच बसत, थळकरी साक्षी देत आणि निवाड्याचा महजर होई. निवाडा करणारे वादी-प्रतिवाद्यांच्या दोन पिढ्या ओळखीत. १८१९ साली मुंबईचा गव्हर्नर झालेला एल्फिन्स्टन हा ही पद्धत शक्य तितकी टिकवावी अशा मताचा होता. तरी १८२७ साली त्याच्याच नावाने ओळखली जाणारी कायद्यांची संहिता अमलात आली, अदालती स्थिरावल्या आणि पुष्कळ कामांना मुद्रांकाचा कागद लागू झाला. निवाडा करणारा साहेब आता चारदोन वर्षांनी बदलू लागला. जी गोष्ट पूर्वी गावाच्या स्मरणात राही, ती यापुढे कागदावर नसेल तर नव्हतीच, असा न्याय सुरू झाला.

त्यामुळे अर्जाचे स्वरूपही पालटले. मोडीतला मायना, नमस्कार, विज्ञापना हे सर्व पूर्वीप्रमाणेच चालू राहिले. साहेब लोकही मोडी वाचावयास शिकत होते. १८३१ साली प्रसिद्ध झालेला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हे त्याच गरजेचे फळ. परंतु मायना संपताच अर्जदार सनदेची तारीख सांगू लागला, वहिवाटीची वर्षे मोजू लागला, मागील साहेबाच्या हुकुमाची आठवण देऊ लागला. कृपेच्या भाषेत हक्काचे बोलणे शिरले. कोकणातल्या खोत आणि कुळे यांच्या वादात हे विशेष दिसते. खोताला किती खंड द्यावयाचा, धारेकऱ्याचा हक्क कोणता, खोत जमिनीचा मालक की केवळ वसुली करणारा, या प्रश्नांचे उत्तर सरकारलाही ठाऊक नव्हते. १८५१ साली कॅप्टन विंगेट याला रत्नागिरी जिल्ह्यात खोतीच्या चौकशीसाठी पाठविले आणि खोतीचा कायदा झाला तो १८८० साली. मध्ये एकोणतीस वर्षे गेली. चौकशी सुरू असताना जे तरुण होते, त्यांतले पुष्कळ कायदा होईपर्यंत वृद्ध झाले किंवा निघून गेले.

अर्जाच्या या वाटेवर एक मोठी अडचण होती. कुळाला लिहिता येत नसे. त्याचे बोलणे अर्जलेखक आपल्या शब्दांत उतरी, कारकून त्याचा गोषवारा करी, शिरस्तेदार तो वाचून दाखवी, आणि प्रकरण मुंबईस गेले तर भाषांतरकार त्याला इंग्रजी पेहराव चढवी. इतक्या हातांतून गेलेल्या गाऱ्हाण्यात मूळचे गाऱ्हाणे किती उरे, हे त्या अर्जदाराला कधीच कळत नसे. अर्ज नाकारला तर लिहिणाऱ्याचे काही जात नसे. जे जाई ते आंगठा उठविणाराचे.

हा प्रकार काही हिंदुस्थानातच होता असे नव्हे. १८०१ साली आयर्लंडचे पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटात विलीन झाले आणि तेथील कारभार डब्लिनच्या किल्ल्यातील लॉर्ड लेफ्टनंट व त्याचा मुख्य सचिव यांच्या हाती राहिला. मग त्या किल्ल्याकडे अर्जांचा ओघ लागला. शेतकरी खंडाची सूट मागत, विधवा मदत मागत, कैद्यांचे नातलग शिक्षा कमी करण्याची याचना करीत, शिपाई व कारकून जागा मागत. तेथेही अक्षरशत्रू गावकऱ्यासाठी लिहिणारा दुसराच कोणी असे, आणि पुष्कळांच्या घरची आयरिश भाषा सोडून इंग्रजीत लिहावे लागे. विशेष हे की, मुख्य सचिवाच्या कचेरीतील नोंदलेल्या कागदांची सलग मालिका १८१८ पासून सुरू होते. त्याच साली इकडे पेशवाईचा शेवट झाला. १९२२ साली डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याला आग लागून शेकडो वर्षांचे कागद भस्म झाले. पण हे अर्ज किल्ल्यात निराळे ठेवलेले असल्यामुळे वाचले. मुंबई सरकारनेही आपला दप्तरखाना १८२१ साली थाटला. ज्यांची दाद लागली नाही त्यांचेही शब्द अशा रीतीने टिकले.

रयतेची ही कथा झाली. पण त्याच काळात महाराष्ट्राने एका राजाला अर्जदार होताना पाहिले, आणि त्या प्रकरणाचा एक धागा थेट सावंतवाडीपर्यंत येऊन पोहोचतो.

साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज यांच्याशी १८१९ साली कंपनीने तह केला. काही जहागिरदारांवरील हक्काविषयी महाराजांचा मुंबई सरकारशी वाद पडला. तहातील कलमाचा अर्थ काय, एवढाच तो प्रश्न होता, आणि महाराज तो पत्रांनीच सोडवू पाहत होते. १८३५ च्या अखेरीस लंडनच्या डायरेक्टरांनी त्यांच्या कारभाराची स्तुती करणारे पत्र आणि मानाची तलवार पाठविली; मुंबई सरकारने ती दोन्ही त्यांच्या हाती पडू दिली नाहीत. राजाला लिहिलेले पत्र राजालाच मिळू नये, यावरून पुढचे सारे समजावे.

१८३६ साली महाराजांवर फितुरीचा आरोप आला. काळ्या पलटणीतील सुभेदारांना फोडणे, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधणे आणि गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराकडून फौज मागणे, अशी आरोपांची तीन अंगे होती. या चौकशीत एका अर्जाला फार महत्त्व आले. महाराजांचे कारभारी गोविंदराव दिवाण हे कैदेत होते. त्यांच्या मातोश्री गिरिजाबाई यांच्या नावाने मुंबई सरकारकडे एक अर्ज गेला आणि त्यात महाराजांविरुद्ध मजकूर होता. मुलाच्या सुटकेसाठी तळमळणाऱ्या आईचा शब्द म्हणून तो वाचला गेला. पुढे उघड झाले की तो अर्ज लिहिणारा भिडे आडनावाचा एक निराळाच गृहस्थ होता. निरक्षर कुळाच्या बाबतीत जो धोका सांगितला, तोच येथे एका गादीच्या मुळावर आला. अर्ज कोणाच्या नावाचा आणि हात कोणाचा, हा प्रश्न वेळीच विचारला गेला नाही.

गोव्याचे कागद हे दुसरे प्रकरण. १८३८ साली सावंतवाडी संस्थानाचा कारभार इंग्रजांनी आपल्या हाती घेतला. गोव्याशी झालेल्या म्हणून सांगितलेल्या पत्रव्यवहाराचा माग याच सरहद्दीच्या मुलखात, तेथील इंग्रज अधिकाऱ्यामार्फत काढण्यात आला. ज्या गव्हर्नराशी संधान बांधल्याचा आरोप होता, त्या दों मानुएल यांनी युरोपात परतल्यावर ही गोष्ट साफ नाकारली. पण तोवर निकाल लागून गेला होता.

या सर्व काळात प्रतापसिंह महाराजांची मागणी अगदी साधी होती: आपल्यावरील आरोप लेखी द्यावे, पुराव्याच्या नकला द्याव्या आणि आपले म्हणणे ऐकावे. नकला मिळाल्या नाहीत. १८३९ च्या ऑगस्टात गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आला. त्याने एक कागद पुढे ठेवला. त्यावर सही केली तर मागील सर्व विसरले जाईल, गादी राहील. मात्र त्या सहीने आरोप कबूल केल्यासारखे होणार होते. महाराजांनी सही केली नाही. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत करून पुढे काशीस नेऊन ठेवले, आणि तेथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला. आयुष्यभर ज्या राजाने कागदावर भरवसा ठेवला, त्याने शेवटी एका कागदासाठी राज्य सोडले. कारण खोट्या कागदाचे परिणाम काय होतात, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते?

त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे राहिले. त्यांनी डायरेक्टरांकडे अर्ज केले, भागधारकांच्या सभेत आपले म्हणणे मांडले, पार्लमेंटच्या सभासदांचे उंबरठे झिजविले, इंग्रजीत पुस्तिका छापविल्या. जोसेफ ह्यूम यांच्यासारखे पार्लमेंटचे सभासद आणि गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतले वक्ते जॉर्ज थॉम्प्सन त्यांच्या बाजूने बोलले. वकिली चालू असताना धनी वारले. १८४८ साली महाराजांचे बंधू शहाजी हेही वारले आणि दत्तक नामंजूर करून लॉर्ड डलहौसीने संस्थान खालसा केले. रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले. १८५७ च्या धामधुमीत त्यांचे नाव पुन्हा येते आणि मग ते कायमचे नाहीसे होतात.

या प्रकरणातून महाराष्ट्र काय शिकला? एकट्याचा अर्ज, मग तो राजाचा का असेना, बंद दाराआड वाचला जातो तोवर दुबळाच असतो, हा तो धडा होय. आयर्लंडने हे आधी ओळखले होते. डॅनियल ओकॉनेलने १८२३ साली कॅथोलिक मंडळ काढले आणि पुढच्या वर्षी महिना एक पेनीची वर्गणी ठेवून गरीबातल्या गरिबाला त्यात सामील करून घेतले. १८२९ साली कॅथोलिकांना पार्लमेंटात बसण्याचा हक्क मिळाला.

इकडे त्या दिशेची पहिली पावले टाकणाऱ्यांत याच किनाऱ्याची माणसे होती, ही अभिमानाची गोष्ट आहे. देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. एका स्तंभात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी, अशी त्याची मांडणी होती. शिरस्तेदार आणि भाषांतरकार यांना मध्ये न घेता लोकांचे म्हणणे साहेबाच्या डोळ्यांपुढे जाईल आणि तेच शेजाऱ्यालाही वाचता येईल, अशी ही सोय होती. त्यानंतर वीस वर्षांनी, १८५२ साली, मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. जगन्नाथ शंकरशेट तिचे अध्यक्ष होते आणि चिटणिसांत पेडणे महालातील मांद्र्याचे डॉक्टर भाऊ दाजी लाड होते. कंपनीची सनद पुन्हा चर्चेस येणार म्हणून या मंडळींनी थेट पार्लमेंटकडे अर्ज पाठविला. त्यात कोणा एकाची जमीन किंवा एकाची गादी मागितलेली नव्हती. कारभारात एतद्देशीयांना स्थान असावे, शिक्षण वाढावे, राज्यपद्धती सुधारावी, असे मागणे होते. मागणे थोडेच मान्य झाले. पण अर्ज चव्हाट्यावर वाचला गेला, आणि त्यावर गिरिजाबाईंसारखी दुसऱ्याची नावे घालण्याची कोणाला सोय राहिली नाही.

सरकारी दप्तरात अर्जाच्या पाठीवर शेरा मारण्याची चाल आहे. दोन ओळींचा तो शेरा वाचला म्हणजे राज्य कसे होते ते समजते. उत्तर नकाराचे असले तरी कारण दिले आहे की नाही, हे त्यावरून दिसते. प्रतापसिंहांनी मागितलेली वस्तू गादी नव्हती; आधी त्यांनी कागदांच्या नकला मागितल्या होत्या. तेवढ्या मिळविण्यास एका छत्रपतीचा अधिकार पुरला नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने सरकारी कागदाची नक्कल मागण्याचा हक्क सामान्य नागरिकाला दिला. मालवणच्या कचेरीत दहा रुपये भरून जो कोणी असा अर्ज करतो, तो साताऱ्याच्या राजाला नाकारलेली वस्तू मागत असतो. तो अर्ज त्याने स्वतःच्या शब्दांत लिहावा, स्वतः वाचून मगच सही करावी, आणि उत्तर येईपर्यंत त्याचा पिच्छा सोडू नये.