गणवेशाचा निरोप जूनमध्ये नको

आम्ही ट्रॉम्ब्याहून बोलतोय. मानखुर्द स्टेशनला उतरून बस धरली की शेवटी खाडी लागते, तिथे आमची वस्ती. एका अंगाला जुना कोळीवाडा. दुसऱ्या अंगाला चीता कॅम्प. १९७६ साली जनता कॉलनी उठवली आणि तिथल्या लोकांना इथे आणून बसवलं, तो हा चीता कॅम्प. आमच्या बचत गटात दोन्हीकडच्या बाया आहेत. कोणी मासळी विकते, कोणी घरकाम करते, कोणी घरच्या मशीनवर मॅक्सी शिवते. आम्ही सगळ्या मिळून चौदा जणी.

आज आम्ही शाळेच्या गणवेशाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, हा काय बोलायचा विषय आहे? पण आमच्या गटाला या एका विषयाने आपल्याच हिशोबाच्या वहीकडे नीट बघायला लावलं. म्हणून सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना, शुक्रवारची रात्र. सोमवारी शाळा उघडणार होती. साडेनऊच्या सुमाराला शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला. या वर्षीपासून गणवेशाचा रंग बदलला आहे, पी.टी.चा ड्रेसही नवा आहे, सोमवारपासून सर्व मुलांनी नव्या गणवेशातच यावे. खाली दुकानाचं नाव. त्याच दुकानात मिळणार, दुसरीकडे नाही.

आमच्या गटातल्या एका ताईची मुलगी त्या शाळेत पाचवीला. दोन ड्रेस आणि एक पी.टी.चा ड्रेस मिळून दोन हजार आठशे पन्नास रुपये झाले. ताई दोन घरची कामं करते. पगार महिन्याच्या सात तारखेला होतो आणि पंधरा तारखेपर्यंत भाडं, रेशन, गॅस यांत संपतो. जुना ड्रेस धड होता. मार्चमध्येच तिने त्याची दुमड सोडून लांबी वाढवून ठेवली होती. तो सगळा खटाटोप वाया गेला.

सोमवारी मुलगी जुन्याच ड्रेसमध्ये गेली. प्रार्थनेनंतर नवा गणवेश नसलेल्या मुलांना बाजूला उभं केलं. फार वेळ नाही, पाच-दहा मिनिटं. पण सगळ्या शाळेसमोर. मंगळवारी तिच्या पोटात दुखायला लागलं. बुधवारीही दुखलं. गुरुवारी ताईने तिला दवाखान्यात न्यायचं ठरवलं, तेव्हा शेजारच्या मुलाने सांगितलं, "मावशी, तिचं पोट नाही दुखत. ती ड्रेसमुळे येत नाही."

ताईने त्याच दिवशी गटाकडे तीन हजार रुपये मागितले. कारण काय सांगितलं? दवाखाना.

हे आम्हाला कसं कळलं, तेही सांगतो. जूनअखेर हिशोब करताना आमच्या खजिनदार बाईच्या लक्षात आलं की या एका महिन्यात सात जणींनी कर्ज उचललंय आणि सातही जणींच्या नावापुढे "दवाखाना" लिहिलंय. ती म्हणाली, "अगं, वस्तीत साथ आली की काय?" सगळ्या गप्प. मग एक जण हळूच बोलली. मग दुसरी. सातातल्या पाच जणींचे पैसे गणवेश, बूट आणि दप्तरावर गेले होते.

आजारपणासाठी पैसे मागायला लाज वाटत नाही. पोराच्या कपड्यासाठी मागायला वाटते. प्रत्येकीला वाटत होतं, आपल्याकडेच नाहीत, बाकीच्यांनी भरले असतील. दर आठवड्याला मांडीला मांडी लावून बसणाऱ्या आम्ही, आणि एकमेकींपासून हे लपवत होतो. त्यातल्या एकीने तर गटाकडेही मागितलं नव्हतं आधी. रोजच्या वसुलीवाल्याकडून घेतले होते, आणि ते फेडायला मग गटाकडे आली होती.

त्या दिवशी आम्ही आणखी एका गोष्टीवर बोललो. हा निरोप येतो तो नेमका कोणत्या महिन्यात? कोळीवाड्यात १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते. होड्या किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या असतात. घरात सुकं असतं, रोकड नसते. आणि मैत्रिणींनो, तुमच्याकडे? जूनमध्ये बियाणं, खत, नांगरणीचं भाडं. हातातला पैसा सगळा मातीत गेलेला. म्हणजे गाव असो की मुंबई, वर्षातला सगळ्यात रिकाम्या हाताचा महिना हाच, आणि शाळेचा खर्चही याच महिन्यात. एप्रिलमध्ये सांगितलं असतं तर तेच अडीच-तीन हजार आम्ही दोन-तीन महिन्यांत जमवले असते. आमची तक्रार गणवेशाबद्दल नाहीच. दोन दिवसांच्या मुदतीबद्दल आहे.

गणवेश हवा, असंच आम्ही म्हणतो. सगळ्यांच्या अंगावर एकच कपडा असला की कोणाचा बाप काय करतो ते कपड्यावरून दिसत नाही. पण नवा गणवेश दोन दिवसांत आणा म्हटलं की कोणाच्या घरात रोकड आहे आणि कोणाच्या नाही, ते सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांना दिसतं. मग गणवेशाचा उपयोग काय राहिला?

आम्ही शाळेत गेलो. एकटी-दुकटी नाही, नऊ जणी गेलो. भांडायला नाही गेलो. आधी बसून एका कागदावर चार ओळी लिहिल्या, सगळ्यांनी सह्या केल्या, एकीने अंगठा दिला. आमचं मागणं एवढंच होतं. एक, गणवेश बदलायचा असेल तर निकालाच्या दिवशी सांगा. दोन, जुना गणवेश दिवाळीपर्यंत चालू द्या. तीन, रंग आणि कापड सांगा, शिवायचं कुठे ते आमचं आम्ही बघू. चार, कपड्यासाठी कोणत्याही मुलाला बाजूला उभं करू नका.

मुख्याध्यापक बाईंनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "मलाही संस्थेकडून उशिरा कळलं." खरं असेल, आम्ही वाद घातला नाही. पण कागदाची एक प्रत त्यांना दिली आणि दुसरीवर पोच घेतली. आठ दिवसांनी उत्तर आलं. जुना गणवेश दिवाळीपर्यंत चालेल. मुलांना उभं केलं जाणार नाही. पुढच्या वर्षीचा निरोप एप्रिलमध्ये देऊ. दुकानाचं मात्र त्यांनी मान्य केलं नाही. म्हणजे चारातलं तीन मिळालं. चौथ्यासाठी अजून आमचं चालू आहे.

आता कायद्याचं थोडं सांगतो, कारण जाताना आम्हाला त्याचा आधार झाला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा तुम्ही ऐकला असेल. त्याच्या १७ व्या कलमात मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई आहे. घरात पैसे नाहीत म्हणून पोराला सगळ्यांसमोर उभं करणं हा छळच आहे, असं आम्ही धरून चालतो, आणि शाळेत तसं स्पष्ट बोललो. दुसरं, त्याच कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे सरकारी, जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि समितीत निम्म्या जागा बायकांच्या. खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. म्हणजे बसायला जागा आहे. आपण जाऊन बसत नाही, एवढंच.

तुमच्या गावच्या शाळेत गणवेश फुकट मिळतो, मग तुमचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. काही वर्षांपूर्वी गणवेशाचे पैसे आई आणि मुलाच्या बँक खात्यात यायचे, दोन ड्रेसना चारशे रुपये. आधी विकत घ्या, पावती दाखवा, मग पैसे जमा. म्हणजे जूनमध्ये खर्च आईचाच. पुढे एका गणवेशाला तीनशे, दोन मिळून सहाशे रुपये, शाळा व्यवस्थापन समितीकडे यायला लागले.

मग २०२४ मध्ये "एक राज्य, एक गणवेश" आलं. पहिली ते आठवीच्या चाळीस लाखांहून जास्त मुलांना सारखा कपडा. कापड एका ठिकाणाहून, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे. तुमच्यातल्या काही जणींनी ते ड्रेस शिवलेही असतील. बायांना काम मिळणार म्हणून आम्हालाही बरं वाटलं होतं. पण झालं काय? १५ ऑगस्टचा झेंडा झाला तरी कित्येक शाळांत ड्रेस पोचले नव्हते. आले ते काही मुलांना आखूड, काहींना ढगळ. स्काउट-गाइडच्या ड्रेसचं कापड शाळेकडे यायचं आणि शिलाई गावातच करायची होती. त्याला शंभर रुपये शिलाई आणि दहा रुपये वरखर्च. तेवढ्यात शिंपी तयार होईना. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं.

यात शिवणाऱ्या बायांना दोष देऊ नका. ज्या मुलाचं माप कोणी घेतलंच नाही, त्याच्या अंगाला ड्रेस बसणार कसा? माप घ्यायचं तर मूल समोर पाहिजे आणि त्यासाठी वेळ पाहिजे. आता काम समितीकडे आहे, म्हणजे ते आपल्या हातात आहे. तेव्हा मार्च-एप्रिलच्या सभेला जा आणि विचारा. पैसे कधी येणार? कापड कोण आणणार? मापं सुट्टीआधी घेणार की नाही? शिलाई गावातल्या गटाला देता येईल का, आणि परवडेल अशी मजुरी आहे का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. जूनमध्ये विचारलं तर उपयोग नाही.

आता आम्ही आमच्यापुरतं काय केलं ते सांगतो. तुम्हालाही करता येईल.

पहिलं, गणवेश पेटी. निकालाच्या दिवशी ज्याला आखूड झालेत त्याचे ड्रेस, बूट, रेनकोट गोळा करायचे. धुवायचे, बटणं लावायची, इस्त्री करायची आणि आतलं नाव उसवून टाकायचं. सुरुवातीला कोणी घेईना. वापरलेलं घ्यायला पोरं लाजत होती. मग खजिनदार बाईने आपल्याच मुलासाठी पेटीतला शर्ट नेला, सगळ्यांसमोर. त्यानंतर पेटी चालायला लागली. याच पेटीत आम्ही एक नऊवारी, एक धोतर, दोन फेटे आणि पांढरे शर्ट ठेवलेत. कारण ३ जानेवारीला सावित्रीबाई बनायचं असतं, शिवजयंतीला मावळा, १५ ऑगस्टला पांढरे कपडे, आणि निरोप येतो आदल्या रात्री.

दुसरं, जूनचा डबा. नेहमीची बचत वेगळी आणि हा वेगळा. जुलैपासून दर आठवड्याला वीस रुपये. मेअखेर प्रत्येकीचे नऊशेच्या वर होतात. ते मेच्या शेवटच्या सभेत परत द्यायचे. व्याज नाही, कर्ज नाही, आपलेच पैसे. सगळा खर्च यात निघत नाही, पण वसुलीवाल्याच्या दारात जावं लागत नाही.

तिसरं, ड्रेस शिवून घेताना माया ठेवायला सांगा. शिवणात आणि दुमडीत दोन बोटं कापड जास्त ठेवलं की तोच ड्रेस दोन वर्षं चालतो. शिंपी कापड वाचवायला माया कमी ठेवतो. ड्रेस घेताना उलटा करून आतून बघा.

आणि शेवटचं. घरी पोराला खरं सांगा. ताईने त्या गुरुवारी आधी मुलीला ओरडली होती, खोटं बोलतेस म्हणून. नंतर तिलाच वाटलं, पोरगी पोटदुखी सांगते आणि मी वहीत दवाखाना लिहिते, मग खोटं बोलायला ती शिकली कोणाकडून? तिने मुलीला जवळ घेऊन सांगितलं, "आत्ता पैसे नाहीत, पंधरा दिवसांनी येतील. यात तुझा दोष नाही आणि माझाही नाही." मुलगी दुसऱ्या दिवशी जुन्या ड्रेसमध्येच शाळेत गेली. बरोबर आमच्यातल्या दोघी गेटपर्यंत गेल्या होत्या.

ताईने घेतलेले तीन हजार कधीच फेडून झाले. पण फेडायच्या आधी तिने खजिनदार बाईकडून वही मागून घेतली, "दवाखाना" खोडलं आणि स्वतःच्या हाताने "गणवेश" लिहिलं. बाकीच्या चौघींनीही लिहिलं. आता आमच्या वहीत जे कारण असतं तेच लिहिलं जातं.

तुमच्या गटाची वही या आठवड्यात उघडून बघा. जून महिन्याचं पान काढा. दवाखान्याच्या नावाखाली गणवेश लपलाय का, ते एकमेकींना विचारा. येत्या सभेला समितीत कोण जाणार, तेही त्याच बैठकीत ठरवा.